रॅम बसली, पण भरवसा बसला का?

"मामा, तुला गंडवलं," भाच्यानं स्क्रीनवर बोट ठेवून निकाल दिला.

लॅमिंग्टन रोडवरून आदल्या दिवशीच आणलेली रॅम. १६ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर ४, खोक्यावर ठळक अक्षरांत वेग ३६००. आणि विंडोजचा टास्क मॅनेजर सांगत होता २६६६. पोराचा संशय रास्त होता, पण गंडवलं कुणीच नव्हतं. गंडलो मी नंतर, तेही स्वतःच्या हातानं. बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगच्या पडद्यावर, जाऊन एक सेटिंग चालू केलं, आकडा ३६०० झाला, कॉम्प्युटर नीट सुरू झाला आणि मी हात झटकले. तिसऱ्या दिवशी लग्नाच्या फोटोंची एक झिप फाइल उघडेना. पुन्हा क्लिक केलं तर उघडली. फाइल तीच, डिस्क तीच, मग एकदा बिघडलेली आणि एकदा धड, हे कसं?

उत्तर त्या ३६०० मध्येच होतं.

रॅमच्या प्रत्येक स्टिकवर मेमरीच्या मोठ्या चिप असतात, तशीच एक इवलीशी चिपही असते. तिचं नाव एसपीडी. ही स्टिकची जन्मपत्रिका. कॉम्प्युटर चालू होताना मदरबोर्ड आधी ही पत्रिका वाचतो: स्टिक किती जीबीची, किती वेगानं चालवायची, किती व्होल्ट द्यायचे. पत्रिकेचा पहिला भाग जेडेक या संस्थेच्या मानकांप्रमाणे लिहिलेला असतो. मेमरी कुणीही बनवो, ती कुठल्याही बोर्डावर चालावी म्हणून नियम ठरवणारी ही संस्था. डीडीआर ४ चं मानक तिनं २०१२ मध्ये जाहीर केलं. त्यात वेग ३२०० पर्यंत आणि व्होल्टेज १.२. म्हणजे माझ्या खोक्यावरचा ३६०० हा आकडा मानकात नाहीच!

तो असतो पत्रिकेच्या दुसऱ्या भागात, ज्याला एक्सएमपी म्हणतात. इंटेलनं २००७ मध्ये डीडीआर ३ च्या काळात ही पद्धत आणली. एएमडीनं रायझन ७००० मालिकेबरोबर २०२२ मध्ये स्वतःची एक्स्पो काढली, ती डीडीआर ५ साठी. काही बोर्डांवर हेच सेटिंग डीओसीपी नावानं दिसतं. नाव काहीही असो, मतलब एकच: स्टिक बनवणारी कंपनी सांगते की मानकापेक्षा जास्त व्होल्ट दिले, माझ्या बाबतीत १.३५, तर ही स्टिक ३६०० नं धावेल. मदरबोर्ड हा भाग आपण सांगितल्याशिवाय वापरत नाही. म्हणून टास्क मॅनेजरमध्ये पहिल्या भागातला २६६६.

आता यातली मेख. कंपनीनं तपासलेली असते स्टिक. तुमच्या प्रोसेसरमधला मेमरी कंट्रोलर, म्हणजे रॅमशी देवाणघेवाण करणारा भाग, तिनं पाहिलेला नसतो, आणि तुमच्या मदरबोर्डवरच्या तांब्याच्या रेषाही नाही. माझा प्रोसेसर रायझन ५ ५६००. त्याच्यासाठी एएमडीची अधिकृत मर्यादा ३२००. बोर्ड जुना आणि स्वस्तातला. एका बाजूची पत्रिका पाहून लग्न ठरवावं तसं मी ३६०० ठरवून टाकलं होतं. एक्सएमपी चालू करणं म्हणजे ओव्हरक्लॉकिंगच, अधिकृत मर्यादेपेक्षा जास्त वेगानं पळवणं, फक्त एका क्लिकमध्ये झाल्यामुळे तसं वाटत नाही.

जाता जाता एक खुलासा, कारण यावरून दुसऱ्यांदा दचकायला होतं. सीपीयू-झेड या प्रोग्रॅममध्ये पाहिलं तर ३६०० ऐवजी १८०० दिसतं. इथेही फसवणूक नाही. डीडीआर मेमरी घड्याळाच्या एका ठोक्यात दोनदा डेटा पाठवते, डबल डेटा रेट हे नावच त्यावरून पडलं. ठोके सेकंदाला १८० कोटी, डेटाच्या खेपा ३६० कोटी. खोक्यावर खेपा छापतात आणि तोंडी सगळेच त्याला मेगाहर्ट्झ म्हणतात.

गळके माठ आणि वाण्याचे खण

रॅममधला एक बिट म्हणजे एक सूक्ष्म कपॅसिटर आणि त्याच्या दारावर एक ट्रान्झिस्टर. आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांची ही रचना, पेटंट १९६८ चं, आणि आजही मूळ कल्पना तीच. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असला तर १, नसला तर ०. अडचण अशी की हा माठ गळका आहे. भरून ठेवला की लगेच झिरपायला लागतो. म्हणून डीडीआर ४ मध्ये प्रत्येक माठ ६४ मिलिसेकंदांच्या आत एकदा तपासून पुन्हा भरावा लागतो, डीडीआर ५ मध्ये ३२ मिलिसेकंदांच्या आत. ३२ जीबीमध्ये असे माठ साधारण साडेसत्तावीस हजार कोटी. तुम्ही नुसता चहा पीत बसलात तरी आत हे पाणी भरणं अखंड चालू असतं.

उष्णता वाढली की गळती वाढते. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग ते १८-२२-२२-४२ असे चार आकडे, ज्यांना टायमिंग म्हणतात. जुन्या वाण्याच्या दुकानातली खणांची भिंत आठवा. वेलदोडे हवेत तर आधी योग्य ओळीतला खण ओढायचा, मग त्यातून जिन्नस काढायचा, मग तो खण सरकवून दुसरा ओढायचा. मेमरीतही माठ ओळींनी आणि रकान्यांनी मांडलेले असतात. पहिला आकडा सीएल, म्हणजे उघड्या खणातून मागितलेली वस्तू हातात पडेपर्यंतचे ठोके. दुसरा खण उघडायला लागणारे, तिसरा खण बंद करायला लागणारे, चौथा खण कमीत कमी किती ठोके उघडा राहिला पाहिजे ते.

हे आकडे ठोक्यांत असतात, वेळेत नव्हे, आणि खरेदी करताना माणसं इथेच चकतात. ३२०० ची सीएल १६ रॅम घ्या: सेकंदाला १६० कोटी ठोके, त्यातले १६, म्हणजे १० नॅनोसेकंद. ३६०० सीएल १८? तेही १०. डीडीआर ५ ची ६००० सीएल ३०? पुन्हा १०! वस्तू हातात पडायला वेळ तेवढाच, फक्त एकदा खण उघडल्यावर माल भराभर येतो. उलट ३२०० सीएल २२ ला पावणेचौदा नॅनोसेकंद लागतात. त्यामुळे नुसता मोठा आकडा बघून पैसे मोजू नयेत, सीएल विचारावा. दुकानदार सांगायला कंटाळला तर स्टिकवरचं लेबल वाचावं.

या प्रत्येक टप्प्याला वेळ द्यावाच लागतो. खण पुरता उघडायच्या आत हात घातला तर कधी वेलदोडे येतील, कधी लवंग. एक्सएमपीत आपण वाण्याला घाई करतो. तो अनुभवी असला तर जमवतो. नसला तर हजारदा बरोबर देतो आणि एकदा चुकतो.

त्या एका चुकीला आवाज नसतो. बेल्जियममध्ये २००३ च्या निवडणुकीत ब्रसेल्समधल्या स्कारबेक इथे एका उमेदवाराला इलेक्ट्रॉनिक मतमोजणीत ४,०९६ मतं जास्त मिळाली. जेवढी मतं तिथे मिळणं शक्यच नव्हतं तेवढी झाली, म्हणून लक्षात आलं. ४,०९६ म्हणजे दोनाचा बारावा घात. मोजणीतला तेरावा बिट आपोआप ० चा १ झाला, हाच निष्कर्ष निघाला. हाच बिट सातवा असता तर ६४ मतं वाढली असती, आणि कुणाला कळलं असतं? झिप फाइलमध्ये निदान तपासणीचा आकडा साठवलेला असतो, म्हणून ती कुरकुरली. साध्या फोटोत, साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असा पहारेकरी नसतो. चुकलेला बिट गुपचूप डिस्कवर लिहिला जातो आणि तोच खरा होऊन बसतो.

हे रडगाणं फक्त ओव्हरक्लॉक करणाऱ्यांचं नाही. गूगलच्या सर्व्हरांचा मोठा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मेमरी स्टिकमध्ये चुका सापडल्या. सर्व्हरात ईसीसी रॅम असते, डीडीआर ४ मध्ये दर ६४ बिटांमागे ८ जादा बिट ठेवून एका बिटाची चूक ती जागेवर दुरुस्त करते. आपल्या घरच्या कॉम्प्युटरात बहुधा नसते. डीडीआर ५ च्या जाहिरातीत 'ऑन-डाय ईसीसी' दिसतं, त्यावर हुरळू नका. ते चिपच्या पोटातल्या चुका सावरतं, चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काय झालं ते त्याला कळत नाही. आणि घाईतल्या बऱ्याच चुका वाटेवरच्याच असतात.

बसवताना

हे भरकन सांगतो. प्लग काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या, कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावून मग स्टिक उचला. डीडीआर ४ आणि डीडीआर ५ दोघींनाही २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी, त्यामुळे एकीची जागा दुसरीला चालत नाही. जात नसेल तर जोर लावू नका. चार स्लॉटच्या बोर्डात दोन स्टिक असतील तर त्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, बहुतेक बोर्डांवर त्यांची नावं ए२ आणि बी२. तरी बोर्डाचं पुस्तक एकदा पाहावं. पहिल्या आणि दुसऱ्या अशा शेजारच्या स्लॉटमध्ये घातल्या तर दोन रस्त्यांऐवजी एकाच रस्त्यानं वाहतूक होते. ३२०० च्या रॅमला एका चॅनेलवर सेकंदाला २५.६ जीबी, दोन्हींवर ५१.२. अर्धा रस्ता फुकट का घालवा?

जुन्या दोन स्टिकबरोबर नव्या दोन घालायचा मोह होतो. टाळता आला तर टाळा. एकाच मॉडेलच्या, पण वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या स्टिकमध्ये आतली चिप वेगळी निघू शकते. शिवाय चार स्टिक ओढताना कंट्रोलरला धाप लागते. रायझन ७००० साठी एएमडीचे अधिकृत आकडेच बघा: दोन स्टिक असतील तर ५२००, चार असतील तर ३६००. ज्यांना ६४ जीबी हवी त्यांनी १६ च्या चार घेण्यापेक्षा ३२ च्या दोन घ्याव्यात.

डीडीआर ५ वाल्यांना एक धीर. नवी रॅम घातल्यावर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन कित्येक मिनिटं काळीच राहू शकते. बोर्ड तेव्हा प्रत्येक रेषेवर सिग्नल नेमका कधी पकडायचा याचा सराव करत असतो, मेमरी ट्रेनिंग म्हणतात त्याला. भाच्यानं स्वतःच्या मशीनवर दोन मिनिटांत धीर सोडून प्लग ओढला, परत लावला, परत ओढला, आणि रॅम मेली म्हणून मला फोन केला. दहा मिनिटं हात बांधून बसायला सांगितलं, झालं चालू.

तपासायचं कसं

माझी चूक क्रमाची होती. आता करतो ते असं: पहिली चाचणी एक्सएमपी न लावता, आहे त्या २६६६ वर. मानक वेगालाही चूक निघाली तर बहुधा स्टिकच सदोष. सेटिंगशी खेळत बसायचं नाही, वॉरंटीत बदलून घ्यायची. ही पायरी गाळली तर पुढे चूक आल्यावर दोष स्टिकचा की घाईचा हे कळतच नाही.

चाचणीसाठी मेमटेस्ट ८६ प्लस. फुकट आहे, पेन ड्राइव्हवर टाकायचं आणि त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू करायचा. विंडोजशिवाय चालण्याचं कारण सोपं: विंडोज स्वतः रॅममध्ये बसलेली असते, आणि ज्या सतरंजीवर बसलोय ती झटकता येत नाही. हा प्रोग्रॅम सगळ्या माठांत ठरावीक नक्षी भरतो, सगळे ०, सगळे १, एकाआड एक, यादृच्छिक, कधी उलट्या क्रमानं, आणि परत वाचून ताडून पाहतो. एका चाचणीत तर भरून काही मिनिटं नुसतं थांबतो आणि मग बघतो कुणाची गळती झाली. याच्याच नावाचा भाऊ, पासमार्क कंपनीचा मेमटेस्ट ८६, त्याच्या फुकट आवृत्तीत चार फेऱ्यांची मर्यादा आहे. घरगुती कामाला दोन्ही चालतात. ३२ जीबीला एक फेरी तास-दोन तास खाऊ शकते, म्हणून रात्री लावून झोपावं. आमच्याकडे गुरुवारी वीज जाते, त्या रात्री लावू नये हे एकदा लावून शिकलो.

विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नॉस्टिकही आहे, स्टार्टमध्ये शोधलं की मिळतं. चालू झाल्यावर एफ१ दाबून विस्तारित चाचणी निवडावी. त्यानं नापास केलं तर नक्की नापास समजा. पास केलं तर फार खूश होऊ नका, तो मास्तर मवाळ आहे.

मानक वेगाला चार फेऱ्या निर्मळ गेल्या की बायोसमध्ये जायचं. चालू होताना डिलीट किंवा एफ२. आधी बायोसची ताजी आवृत्ती घातलेली बरी, कारण मेमरी सांभाळण्याचं बरंचसं ज्ञान त्यातच असतं. याला आणखी एक कारण आहे. २०२३ च्या एप्रिलमध्ये काही रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर अक्षरशः जळाले. एक्स्पोसारखी सेटिंग लावली की काही बोर्ड प्रोसेसरच्या एसओसी भागाला, जिथे मेमरी कंट्रोलर असतो, जास्त व्होल्टेज देत होते. नंतर बायोसच्या अपडेटमधून त्यावर १.३ व्होल्टची कमाल मर्यादा घातली गेली. जुना बायोस घेऊन त्या पिढीच्या मशीनवर एक्स्पो चालू करू नये.

मग एक्सएमपी चालू, आणि पुन्हा तीच रात्रभराची चाचणी. चूक किती चालते? शून्य. "हजार कोटींत एक" असलं काही मनाला समजवायचं नाही.

एवढ्यावरही मी थांबत नाही, कारण मेमटेस्ट चालतो तेव्हा बाकीचं मशीन निवांत असतं. ग्राफिक्स कार्ड गार, प्रोसेसर अर्धा झोपेत. खऱ्या कामात ग्राफिक्स कार्डाची गरम हवा थेट रॅमवर येते. म्हणून विंडोजमध्ये टेस्टमेम ५ किंवा ओसीसीटी हा ताण देणारा प्रोग्रॅम दोन-तीन तास. त्यानंतर प्राइम९५ ची ब्लेंड चाचणी. हा प्रोग्रॅम खरं तर मर्सेन मूळ संख्या शोधायला बनवलेला, पण त्याची गणितं इतकी काटेकोर की प्रोसेसर किंवा मेमरी कुठेही चुकली की तो हटकून पकडतो. लिनक्सवाल्यांसाठी स्ट्रेसॲपटेस्ट आहे, गूगलनंच बनवलेलं.

शेवटी रात्रभर बंद ठेवून सकाळी थंड मशीन चालू करून पाहायचं. काही सेटिंग गरम असताना चालतात आणि गार सुरुवातीला अडतात. बायोसपर्यंतही पोचता आलं नाही तर घाबरू नका: प्लग काढा, बोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी काही मिनिटं काढून ठेवा, सगळं मूळपदावर येतं.

चूक निघालीच तर

मेमटेस्ट लाल ओळीत पत्ता दाखवतो. चूक प्रत्येक फेरीत त्याच पत्त्यावर येत असेल तर बहुधा तो माठच फुटका. वेगवेगळ्या पत्त्यांवर विखुरलेल्या चुका असतील तर संशय वेगावर, व्होल्टेजवर किंवा कंट्रोलरवर. एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये घालून पाहिली की दोषी स्टिक कळते, आणि दोन्ही धड निघाल्या तर स्लॉट तपासायचा. पिनांना खोडरबर घासायची आपल्याकडची जुनी युक्ती चालते कधी कधी, पण रबराची भुकटी स्लॉटमध्ये जाते. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती कापड त्याहून बरं.

माझ्याकडे चुका विखुरलेल्या होत्या. दुसऱ्या फेरीत सात. एकेकटी स्टिक ३६०० वर धड, दोन्ही एकत्र आल्या की भांडण. अशा वेळी तीन वाटा असतात: व्होल्टेज किंचित वाढवणं, टायमिंग सैल करणं, नाहीतर एक पायरी खाली उतरणं. डीडीआर ४ ला १.३५ वरून १.३८ पर्यंत मी गेलो. १.४ च्या पुढे पुरतं समजल्याशिवाय जाऊ नये. चुका सातावरून दोनावर आल्या, पण दोन म्हणजे शून्य नव्हे. मग व्होल्टेज पुन्हा १.३५ करून वेग ३४६६ केला. चार फेऱ्या, शून्य. ३६०० आणि ३४६६ मधला फरक पावणेचार टक्क्यांच्या आसपास. फोटोंच्या कामात तो मला कधी जाणवलेला नाही.

"पण पैसे ३६०० चे दिलेस ना?" भाचा अजून म्हणतो.

गळतीचं मघाशी म्हटलं ते इथे. माझी चाचणी डिसेंबरातली, रात्रीची, पुण्यातली. मे महिन्यात दुपारी ती पुन्हा लावली. नागपूर-चंद्रपूरकडे, जिथे बाहेर ४५ अंश असतं, तिथे तर हिवाळ्यातल्या पासचा उन्हाळ्यात भरवसा धरूच नये. माझी टिकली. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवली आहे: ३४६६, १.३५, डिसेंबर आणि मे, शून्य.

राहिले ते फोटो. त्या तीन दिवसांत कॅमेऱ्याच्या कार्डावरून डिस्कवर घेतलेले सगळेच संशयित, कारण कॉपी होतानाही फाइल रॅममधून जाते. रॅम सरळ झाल्यावर कार्डावरच्या मूळ फाइलींशी एकेक ताडून पाहिली. अकरा फोटो वेगळे निघाले. त्यातल्या नऊंत डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. दोघांत नवरीच्या शालूचा खालचा निम्मा भाग जांभळा झाला होता. कार्ड फॉरमॅट करायचा मी कंटाळा केला होता, म्हणून ते दोन्ही परत मिळाले.